प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी : हबशाच्या हिजरतीचा धडा

बारावीचा निकाल जाहीर झाला की इशाच्या नमाजनंतर मशिदीत थांबणाऱ्या पालकांची संख्या वाढते. गुणपत्रिकेची घडी खिशात असते आणि प्रश्न बहुधा एकच असतो : "मौलाना, मुलाला कोठे घालू? आपल्या लोकांच्या महाविद्यालयात की मोठ्या नावाच्या?" मुलीचा विषय असेल तर प्रश्नाला आणखी पदर फुटतात : वसतिगृह, पेहराव, येण्याजाण्याचा रस्ता.

वाचकहो, या एका प्रश्नात दोन भीती दडलेल्या असतात. मूल परक्या वातावरणात गेले तर नमाज सुटेल, दीन हातातून निसटेल, ही पहिली. मूल आपल्याच मोहल्ल्याच्या परिघात राहिले तर जगाच्या मागे पडेल, ही दुसरी. दोन्ही भीती खऱ्या आहेत आणि दोन्हींचा मान राखला पाहिजे. भीती मात्र निर्णयाचा निकष होऊ शकत नाही. निकष दिव्य कुरआन आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातून घ्यावा लागतो. तो कोणता, याचा विचार या पाठात करू.

एका आयतीतील दोन गोष्टी

सूरह अल-हुजुरातच्या तेराव्या आयतीत अल्लाह समस्त मानवजातीला संबोधित करतो. या आयतीचा आशय असा : सर्व माणसे एका पुरुषापासून आणि एका स्त्रीपासून निर्माण झाली, त्यांची राष्ट्रे आणि कुळे केली गेली ती परस्परांची ओळख व्हावी म्हणून, आणि अल्लाहजवळ सर्वांत प्रतिष्ठित तो, जो सर्वाधिक ईशपरायण आहे.

येथे थोडे थांबावे. आयतीत दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या आहेत. पहिली वैविध्याची : माणसे भिन्न असणे हा अपघात नाही, ती निर्मात्याची योजना आहे आणि तिचा हेतू ओळख हा आहे. दुसरी तक्वाची : या भिन्न माणसांत वावरताना स्वतःची किंमत कशाने ठरते, हे विसरायचे नाही. पहिलीच गोष्ट धरणारा गर्दीत हरवतो. दुसरीच धरणारा ओळखीचे दार बंद करून घेतो. महाविद्यालय निवडणाऱ्या कुटुंबाला दोन्ही एकत्र सांभाळायच्या आहेत. हे कसे साधावे, याचे उत्तर पहिल्या पिढीच्या इतिहासात सापडते.

हबशाची निवड कशी झाली?

प्रेषितत्वाच्या पाचव्या वर्षी मक्केतील छळ असह्य झाला, तेव्हा प्रेषितांनी (स.) आपल्या सोबत्यांना समुद्रापलीकडे हबशाला जाण्याचा सल्ला दिला. हबशा म्हणजे आजचा इथिओपिया-एरिट्रियाचा प्रदेश. तेथे एकही मुस्लिम वस्ती नव्हती. राजा ख्रिस्ती, प्रजा ख्रिस्ती, भाषा निराळी. तरीही प्रेषितांनी (स.) हाच देश सुचवला आणि त्याचे कारणही सांगितले : तेथील राजाच्या राज्यात कोणावर अन्याय होत नाही.

त्या कारणाकडे नीट पाहावे. तेथे आपली माणसे किती, हा विचार त्यात नाही. तो देश किती श्रीमंत, किती नामांकित, हाही नाही. पाहिले गेले ते एवढेच की, तेथे न्याय आहे का. श्रद्धावंताला श्रद्धावंत म्हणून जगता येईल का.

त्या हिजरतीतील आणखी तीन गोष्टी आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत.

पहिली, ते एकेकटे गेले नाहीत. पहिल्या तुकडीत पंधराच्या आसपास स्त्रीपुरुष होते. त्यांत हजरत उस्मान (रजि.) आणि त्यांच्या पत्नी, प्रेषितकन्या हजरत रुकय्या (रजि.) होत्या. नंतरच्या तुकडीत ऐंशीहून अधिक जण गेले. परक्या देशातही त्यांनी संगत सोबत नेली.

दुसरी, त्यांना आपला दीन सांगता येत होता. कुरैशांचे दूत नजराणे घेऊन नजाशीच्या दरबारात पोहोचले आणि या लोकांना परत द्या म्हणू लागले. राजाने दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निर्णय देण्यास नकार दिला. तेव्हा हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) उभे राहिले. आपण पूर्वी कसे होतो, प्रेषितांनी (स.) काय शिकवले, हे त्यांनी शांतपणे मांडले आणि सूरह मरयमचा आरंभ पठण केला. राजाचे डोळे पाणावले.

तिसरी गोष्ट दुसऱ्या दिवशीची. दूतांनी डाव टाकला : यांना येशूविषयी विचारा. राजाश्रय जाण्याची पूर्ण शक्यता होती. जाफर (रजि.) यांनी उत्तर गुळमुळीत केले नाही. हजरत ईसा (अ.) अल्लाहचे दास आणि प्रेषित आहेत, कुमारी मरयमकडे पाठवलेला त्याचा शब्द आहेत, हेच त्यांनी सांगितले. भाषा नम्र होती, आशय पूर्ण होता. मुस्लिमांना तेथे आश्रय कायम राहिला आणि त्यांच्यातील अनेक जण हिजरी सन ७ पर्यंत तेथेच नांदले. पुढे नजाशीचे निधन झाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) मदीनेत त्याच्यासाठी जनाज्याची नमाज अदा केली, असे सहीह बुखारीत आहे.

न्याय, संगत आणि तयारी : हबशाच्या धड्याचे हे तीन शब्द लक्षात ठेवावेत. यांपैकी न्याय महाविद्यालयात शोधायचा, संगत तेथे गेल्यावर जोडायची आणि तयारी घरातून न्यायची.

माझ्या हातून झालेली चूक

हा धडा मी पुस्तकात पूर्वीच वाचला होता, पण वापरला नाही, हे कबूल केले पाहिजे. सातेक वर्षांपूर्वी एक वडील मुलीच्या प्रवेशाविषयी विचारायला आले. मुलीला संख्याशास्त्र शिकायचे होते. तो विषय असलेले महाविद्यालय शहराच्या दुसऱ्या टोकाला होते आणि तेथे मुस्लिम विद्यार्थिनी मोजक्याच होत्या. मी ते महाविद्यालय पाहिले नव्हते, तेथील एकाही शिक्षकाशी बोललो नव्हतो. तरीही सांगून टाकले, "भाई, जेथे आपल्या मुली जास्त आहेत, तेथे घाला. विषयाचे काय, कोणताही चालतो."

त्यांनी माझ्या शब्दाला मान दिला. जवळच्या महाविद्यालयात संख्याशास्त्र नव्हते. मुलीने मन मारून दुसरा विषय घेतला आणि दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण सोडले. पुढे एका निकाहच्या मजलिसीत ते वडील भेटले. तक्रार केली नाही. एवढेच म्हणाले, "मौलाना, ती अजूनही धाकट्या भावाची गणिते सोडवून देते." ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. मी डोकी मोजली होती, न्याय आणि तयारी पाहिलीच नव्हती. ज्ञानाची ओढ ही अल्लाहने दिलेली अमानत असते आणि तिच्याविषयी चौकशी न करता मत देणे हाही जुलूमच आहे. तेव्हापासून, महाविद्यालय पाहून आल्याशिवाय माझ्याकडे सल्ला मागू नका, असे मी पालकांना सांगतो.

'आपले' महाविद्यालय म्हणजे काय?

मुस्लिमांनी स्थापन केलेल्या संस्थांचे मोल कमी लेखण्याचा येथे हेतू नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. मुंबईत १८७४ मध्ये सुरू झालेली अंजुमन-ए-इस्लाम, पुण्यात १९४८ पासून कार्यरत असलेली आणि आझम कॅम्पसमुळे ओळखली जाणारी महाराष्ट्र कॉस्मोपॉलिटन एज्युकेशन सोसायटी, डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने १९६३ मध्ये औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उभे राहिलेले मौलाना आझाद महाविद्यालय : या संस्थांनी अशा घरांत पदवी पोहोचवली, जेथे पूर्वी कोणी दहावीही झाले नव्हते. ज्या मुलीला अन्यथा घराबाहेर पडताच आले नसते, तिच्यासाठी असे महाविद्यालय ही अल्लाहची मोठी कृपा आहे.

पण या संस्थांच्या आवारात जाऊन पाहावे. तेथेही सर्व धर्मांचे विद्यार्थी आणि शिक्षक भेटतात. पुण्याच्या संस्थेच्या नावातच 'कॉस्मोपॉलिटन' हा शब्द आहे. सर सय्यद यांच्या अलीगढच्या महाविद्यालयातही आरंभापासून हिंदू विद्यार्थी शिकत होते. उलट मुंबईतील विल्सन किंवा सेंट झेवियर्स ही महाविद्यालये ख्रिस्ती मिशनऱ्यांनी काढली, तरी त्यांतून मुस्लिमांच्या कितीतरी पिढ्या शिकून बाहेर पडल्या.

शिवाय मुस्लिम विद्यार्थी म्हणजे एकाच साच्याची माणसे नव्हेत. कोकणातला शाफई मुलगा वसतिगृहात पहिल्यांदा हनफी सोबत्याशेजारी नमाजला उभा राहतो, तेव्हा रुकूत जाताना आपण हात उचलले आणि शेजाऱ्याने नाही, हे पाहून गोंधळतो. घरात त्याला हा मतभेद कोणी समजावून सांगितलेला नसतो. ज्याला आपल्याच सफमधील वैविध्य पेलत नाही, त्याला वर्गातले कसे पेलेल? म्हणून 'आपले' आणि 'परके' ही विभागणी प्रवेशअर्जाच्या वेळी फारशी उपयोगी पडत नाही. पाटी वाचून थांबू नये, आत जावे.

आत गेल्यावर काय पाहावे?

१. नमाजला वाव आहे का? बहुतेक महाविद्यालयांत नमाजसाठी स्वतंत्र खोली नसते आणि तशी अपेक्षा धरून निराश होण्याचेही कारण नाही. आपल्याकडे जुहरची वेळ साडेबारा-पाऊणच्या सुमारास सुरू होते आणि किमान तीन तास टिकते. मधल्या सुट्टीत चार फर्ज अदा करायला दहा मिनिटे पुरतात. जवळ मशीद आहे का, नसल्यास एखादा शांत कोपरा वापरण्यास हरकत घेतली जाते का, हे विचारावे. मुलांच्या बाबतीत शुक्रवारच्या दुपारचे वेळापत्रक मुद्दाम पाहावे. जुम्याच्या वेळी प्रात्यक्षिक असेल तर तुकडी बदलून मिळते का, हे विभागप्रमुखांना आधीच आदराने विचारावे. हिवाळ्यात परतीच्या प्रवासात अस्र आणि मगरिबचे काय होईल, याचाही हिशेब मांडावा.

२. पेहरावाचा नियम लेखी काय आहे? २०२४ मध्ये मुंबईतील एका महाविद्यालयाच्या परिपत्रकाचा वाद न्यायालयात गेला. जूनमध्ये उच्च न्यायालयाने विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ल्यावरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली, मात्र वर्गात बुरखा घालण्यास मुभा दिली नाही. सत्राच्या मध्यावर असा प्रश्न उभा राहिला तर सर्वाधिक नुकसान विद्यार्थिनीचेच होते. म्हणून माहितीपुस्तिका प्रवेशापूर्वी वाचावी आणि शिकत असलेल्या मुलींना प्रत्यक्ष अनुभव विचारावा.

३. धार्मिक कार्यक्रमांचे स्वरूप कसे आहे? अनेक महाविद्यालयांत पूजा, उत्सव, दीपप्रज्वलन होते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८(३) नुसार शासनमान्य किंवा शासकीय साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीविना, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीविना, धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा उपासनेत सहभागी होण्याची सक्ती करता येत नाही. हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. त्याचबरोबर सूरह अल-अनआमची १०८वी आयतही ठाऊक असावी. अल्लाहखेरीज ज्यांची उपासना इतर लोक करतात, त्यांना अपशब्द बोलण्यास तिने मनाई केली आहे. उपासनेपासून बाजूला राहायचे, उपहास मात्र करायचा नाही. पूजेच्या दिवशी खुर्च्या लावायला हात देणारा आणि पूजेच्या वेळी शांतपणे बाजूला होणारा विद्यार्थी दोन्ही आज्ञा पाळतो.

४. वैविध्य छायाचित्रात आहे की बाकावर? माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर सर्व वेशांतील मुले हसत असतात. पण उपाहारगृहात तासभर बसून पाहावे. कोण कोणाबरोबर जेवतो? दलित, आदिवासी, खेड्यातून आलेली, इंग्रजी न येणारी मुले कोठे बसतात? जेथे त्यांना सन्मान नाही, तेथे आपल्या मुलालाही फार काळ मिळणार नाही. न्याय सर्वांसाठी एकच असतो. नजाशीच्या राज्याचे वर्णनही 'कोणावरही अन्याय नाही' असेच होते.

५. अन्याय झाल्यास दाद कोठे मिळते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार प्रत्येक महाविद्यालयात रॅगिंगविरोधी समिती असावी लागते. ती कागदावर आहे की कामात, हे जुने विद्यार्थी सांगतील. तक्रार केलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, एवढे विचारले तरी संस्थेचा स्वभाव कळतो.

आणि या सर्वांआधी : मुलाला हवा तो विषय तेथे चांगला शिकवला जातो का? माझ्या चुकीतून मी हे शिकलो आहे.

घरातून न्यायची तयारी

आता मुलाकडे वळू. प्रेषितांनी (स.) चांगल्या सोबत्याची उपमा कस्तुरी विकणाऱ्याला आणि वाईट सोबत्याची भाता फुंकणाऱ्याला दिली आहे. पहिल्याकडून काही विकत घेतले नाही तरी सुगंध मिळतो, दुसऱ्याकडे कपडे जळतात किंवा निदान धुराचा दर्प लागतो. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. महाविद्यालय कितीही मोठे असले तरी मुलाचे प्रत्यक्ष जग पाच-सहा सोबत्यांचे असते. त्या पाच-सहांत नमाजी दोघे तरी असावेत, हा प्रयत्न पहिल्या महिन्यातच करायला सांगावे.

येथे माझाच अनुभव सांगतो. मदरशातले शिक्षण संपवून मी मराठीच्या बी.ए.साठी गेलो. वर्गात दाढीटोपीवाला मी एकटाच होतो. पहिले सत्र शेवटच्या बाकावर गेले. लोक मला टाळतात, असे वाटे. वास्तविक पहिला सलाम, पहिला नमस्कार मीच टाळत होतो. एकदा सरांनी बखरीच्या गद्यातील शब्दांचे मूळ विचारले आणि अर्ज, हुकूम, इनाम, तख्त हे शब्द अरबी-फारसीतून कसे आले, ते मला सांगता आले. पुढे श्रीगोंद्याच्या शेख महंमदांवर बोलण्यासाठी सरांनी मलाच उभे केले. त्या दिवसापासून बाक पुढे सरकला. जुम्याच्या दिवशी बुडालेल्या तासाची टिपणे एक सहाध्यायी न मागता देऊ लागला. परीक्षेच्या धांदलीत 'अरे, तुझ्या नमाजची वेळ झाली' ही आठवणही कधी कधी त्यानेच करून दिली. तो मुस्लिम नव्हता. सूरह अल-मुम्तहिनाची आठवी आयत, जे तुमच्याशी दीनपायी लढले नाहीत त्यांच्याशी सद्वर्तन आणि न्याय करण्यास अल्लाह मनाई करत नाही असे सांगणारी, मदरशात पाठ केली होती. तिचा अर्थ मला त्या बाकावर उमगला.

म्हणून तयारी म्हणजे केवळ ताकीद नव्हे. "तिकडे जाऊन बिघडू नकोस" एवढ्याने कोणीही जाफर (रजि.) होत नाही. आपण नमाज का पढतो, रोजा का ठेवतो, हिजाब का, मांसाच्या बाबतीत चौकशी का करतो, या साध्या प्रश्नांची उत्तरे मुलाला आपल्या मराठीत, न चिडता देता आली पाहिजेत. ती घरातल्या जेवणाच्या वेळी सरावाने येतात. जे प्रश्न मुलाला घरात विचारू दिले जात नाहीत, ते त्याला बाहेर कोणीतरी विचारतो आणि तेव्हा तो निरुत्तर होतो.

सल्ला आणि इस्तिखारा

श्रद्धावंतांचे व्यवहार परस्परांच्या सल्ल्याने चालतात, असे सूरह अश-शूराच्या ३८व्या आयतीत सांगितले आहे. या सल्लामसलतीत ज्याला शिकायचे आहे, त्याचाच आवाज अनेकदा ऐकला जात नाही. मुलीच्या बाबतीत तर मामा, चुलते, शेजारी, इमाम सारे बोलतात आणि मुलगी आतल्या खोलीतून ऐकते. तिला मजलिसीत बसवावे आणि प्रथम बोलू द्यावे.

त्यानंतर इस्तिखारा. प्रेषित (स.) आपल्या सोबत्यांना इस्तिखाराची दुआ कुरआनच्या सूरहप्रमाणे शिकवत असत, असे हजरत जाबिर (रजि.) सांगतात. इस्तिखारा म्हणजे स्वप्नाची वाट पाहणे नव्हे. चौकशी पूर्ण करून, दोन नफल पढून, ज्यात खैर असेल ते सुलभ कर, अशी अल्लाहला विनवणी करायची आणि अर्ज भरायचा. मग जे महाविद्यालय मिळेल, ते तक्रार न करता स्वीकारायचे. मनासारखे मिळाले नाही तरी संगत आणि तयारी आपल्या हातात राहतेच.

या आठवड्यात कुटुंबाने एकत्र बसून तीन प्रश्नांवर बोलावे. आपण विचारात घेतलेल्या महाविद्यालयात न्याय आहे, हे आपल्याला कशावरून कळले? तेथे आपल्या मुलाचे पहिले दोन सोबती कोण असतील? आणि उद्या वर्गात कोणी त्याला त्याच्या दीनविषयी विचारले, तर तो काय सांगेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलाने मोठ्याने द्यावे आणि वडीलधाऱ्यांनी मध्ये न बोलता ऐकावे.

अल्लाह आपल्या मुलामुलींना लाभदायक ज्ञान, न्यायी शिक्षक आणि नेक सोबती देवो. ते जेथे बसतील तेथे त्यांच्या वर्तनाने इतरांना दिलासा मिळो. आणि आम्हा सल्ला देणाऱ्यांना न पाहता बोलण्यापासून वाचवो. आमीन.